समासातल्या नोंदी

"नेहमीपेक्षा म्हणजे कधीपेक्षा गो?"

देवबागेत, कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरच्या एका घराच्या पडवीत मी बसले होते. मांडीवर फळी, फळीच्या चिमट्यात कागद. 'थकव्याचा त्रास होतो का?' हा पहिला प्रश्न मी नुकताच वाचून दाखवला होता, आणि त्याची चार उत्तरंही: नेहमीपेक्षा कमी, नेहमीइतकाच, नेहमीपेक्षा जास्त, नेहमीपेक्षा खूप जास्त. समोर काकी भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. सांधेवाताला नऊ वर्षं झालेली, बोटं मुळाशी सुजून एका बाजूला कललेली. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला आणि मलाच विचारलं, "दुखणा येवच्या आदीपेक्षा, की गेल्या मंगळवारपेक्षा?"

मी म्हटलं, "तुम्हाला वाटतं तसं सांगा, काकी."

"मगे नेहमीइतकोच."

पुढच्या प्रश्नांनाही तेच उत्तर आलं. अंगात जोर कमी वाटतो का, दिवसा पेंग येते का, काम सुरू करायला जड जातं का, शब्द पटकन सुचत नाहीत का, सगळं नेहमीइतकंच. ही ११ प्रश्नांची प्रश्नावली ट्रूडी चाल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली इंग्लंडात प्रसिद्ध केली आणि थकव्याच्या संशोधनात ती आजही सर्रास वापरली जाते. तिचे गुण दोन तऱ्हांनी मोजतात. एका पद्धतीत चार उत्तरांना ०, १, २, ३ असे गुण, म्हणजे एकूण ३३. दुसऱ्या पद्धतीत पहिल्या दोन उत्तरांना शून्य, पुढच्या दोन उत्तरांना एक, म्हणजे एकूण ११. आम्ही दुसरी पद्धत वापरत होतो. संध्याकाळी मालवणात परतल्यावर मी काकींच्या कागदावरची बेरीज केली. शून्य आली. जिनं नऊ वर्षांत बावीतून एक कळशी ओढलेली नाही, जिला सकाळची पेज सून हातात आणून देते, त्या बाईला कागदाच्या हिशेबानं थकवा नव्हताच.

चूक माझी होती. प्रश्नावलीच्या डोक्यावर दोन ओळींची सूचना असते: बरेच दिवस थकवा असेल, तर शेवटचं बरं वाटत होतं त्या वेळेशी तुलना करून उत्तर द्या. त्या दिवशी मला आणखी तीन घरं करायची होती आणि मी ती सूचना वाचलीच नाही. पुढच्या घरापासून मी ती न चुकता वाचू लागले. वायरीतल्या एका बाईनं सूचना ऐकून घेतली, बराच वेळ माडांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरा होतंय तेवा माझा लगीनय जावक नव्हता." तिचं वय आता ४६. म्हणजे ती स्वतःची तुलना अठराएक वर्षांच्या मुलीशी करणार होती. तिनं तशी केली, आणि तिचे ११ पैकी ११ गुण झाले. या दोन बायकांच्या थकव्यात खरंच शून्य ते अकरा एवढं अंतर होतं का? मी दोघींची घरं पाहिली आहेत. नव्हतं. एकीनं आजाराला आपलं 'नेहमीचं' म्हणून पदरात घेतलं होतं, दुसरीनं घेतलं नव्हतं.

समाजकार्याचं शिक्षण झाल्यापासून मी हेच काम करते आहे. आचऱ्यापासून देवबागेपर्यंत, आत कट्टा, पेंडूर, मसुऱ्यापर्यंत, वेगवेगळ्या अभ्यासांसाठी घरोघरी जाऊन प्रश्नावल्या भरून घेणं. प्रश्नावल्या फेकून द्या, असं मला म्हणायचं नाही. आकडा नसला की या बायकांचं काय होतं, ते मी जवळून पाहिलेलं आहे. रक्त तपासून येतं, त्यात काही सापडत नाही, मग 'वय झालं', 'टॉनिक घ्या', 'मनाला लावून घेऊ नका'. थकव्याला ना सूज, ना ताप, ना एक्स-रेवर डाग. तो आहे हे सांगणारा साक्षीदार एकच, तो ज्याला होतो तो माणूस. संधिवाताच्या संशोधकांची ओमेरॅक्ट नावाची परिषद भरते. तिथं २००२ साली रुग्णांना चर्चेला बसवलं, तेव्हा रुग्णांनी सांगितलं की तुम्ही सूज आणि दुखणं मोजता, आम्हाला आडवं करतो तो थकवा, तो तुमच्या यादीत नाही. काही वर्षांतच संधिवाताच्या औषधचाचण्यांमध्ये थकवाही मोजावा अशी शिफारस झाली. विचारलं म्हणून ते कळलं. म्हणून विचारायला हवंच, पण विचारण्याची आमची रीत कुठं तोकडी पडते, हे दारोदार हिंडणाऱ्या माणसानं सांगितलं पाहिजे. तक्ते करणाऱ्याला ते दिसत नाही.

शब्दापासूनच अडतं. आमच्या कागदावर 'थकवा' असं छापलेलं असतं. इंग्रजीतली प्रश्नावली एकजण मराठीत आणतो, दुसरा ती न बघता परत इंग्रजीत नेतो, दोन्ही इंग्रजी जुळली की भाषांतर पक्कं झालं असं मानतात. 'थकवा' या परीक्षेत पहिल्या झटक्यात उत्तीर्ण होतो. पण किनाऱ्यावरच्या घरात हा शब्द मी क्वचितच ऐकला. तिथं लोक 'दमलंय' म्हणतात. ते कामानंतरचं असतं, बसलं की उतरतं, आणि त्यात धापही येते. 'आंग मोडून इला' म्हणतात, त्यात कणकण असते. 'अशक्तपणा' म्हटलं की पुढं सलाईन नाहीतर इंजेक्शन येतं, तो औषधानं भरून निघायचा असतो. 'कंटाळो इलो' म्हणणाऱ्या बाईला मी विचारलं, मन लागत नाही का? तर ती म्हणाली, मन लागतं, हात उचलत नाही. आणि 'आंगात जीव नाय'. हे शेवटचं जुनाट आजाराच्या घरांतच मला पुन्हा पुन्हा ऐकू आलं. झोपून उठल्यावर असतं, न काम करता असतं, बसल्यानं जात नाही. संशोधनाला जे मोजायचं असतं ते बहुधा हेच. पण या पाचही गोष्टी मी एकाच चौकटीत खूण करून पाठवत होते.

शिवाय उत्तर कुणासमोर दिलं जातं याला महत्त्व आहे. मी आल्यावर सासू उंबऱ्यात येऊन बसते, शेजारीण खळ्यातून डोकावते. दिवसा झोपावं लागतं का, असा प्रश्न आला की सुना खाली बघतात आणि नाही म्हणतात. हा प्रश्न फॅसिट नावाच्या १३ प्रश्नांच्या प्रश्नावलीत आहे. ती मुळात कर्करोगाच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयाच्या थकव्यासाठी तयार झाली, १९९७ साली आली, पुढे कितीतरी आजारांत वापरली गेली. मे महिन्यात दुपारी जेवल्यावर आमच्याकडे धडधाकट माणूसही ताणून देतो, आणि तो मोकळेपणानं 'हो, झोपतो' म्हणतो. त्याचे गुण कमी होतात. जिला खरोखर पडावं लागतं ती लाजेनं 'नाही' म्हणते. तिचे वाढतात, आणि या प्रश्नावलीत गुण जास्त म्हणजे थकवा कमी. आल्यागेल्यापुढं दुखणं उगाळू नये, ही रीत इथं लहानपणापासून अंगात मुरलेली. "तसा बरा असा" हे उत्तर मला रोज मिळतं. ते खोटं नसतं. ते पाहुण्याला दिलेलं उत्तर असतं.

पण ज्या घरानं मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते सर्जेकोटच्या बाजूचं. रापणीवरचा माणूस. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीनं ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूत उभं राहून माणसं ओढतात, पायाखालची वाळू सरकत असते आणि जाळं जड होत येतं. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. हा गडी वीस-बावीस वर्षं दोरीला होता. मग चिकुनगुनिया झाला, ताप गेला, सांधे आणि अंगातलं जडपण राहिलं. पहिल्यांदा मी गेले तेव्हा त्याच्यापुढं नऊ प्रश्नांची प्रश्नावली होती. ही क्रुप आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली मज्जासंस्थेच्या एका आजाराच्या आणि ल्युपसच्या रुग्णांवर घडवलेली. थकव्यामुळं अंगमेहनत रेटत नाही का, थकव्यामुळं कामात अडथळा येतो का, मेहनत केली की थकवा येतो का, अशी विधानं, आणि प्रत्येकाला १ ते ७ पैकी आकडा द्यायचा. त्यानं जवळजवळ प्रत्येक ठिकाणी सहा-सात सांगितले. त्या वेळी तो अजून दोरीला जात होता. अर्धी रापण ओढून वाळूत बसत होता.

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेले. तो पडवीत जाळं सांधत बसला होता. चेहरा शांत होता. तेच नऊ प्रश्न मी वाचले आणि आकडे खाली आले. कुठं तीन, कुठं दोन. मला बरं वाटलं, आणि मी तसं बोललेही. तो सुईतला दोरा ओढत म्हणाला, "आता थकवो खंयचो? मी जातंय खंय?"

त्यानं दोरी सोडली होती. त्याच्या जागी धाकटा भाऊ उभा राहत होता. बाजार बायको करत होती, लग्नकार्याला घरातली दुसरी माणसं जात होती. मेहनत केली की थकवा येतो का? मेहनतच नाही. कामात अडथळा येतो का? अडथळा यायला काम उरलंच नव्हतं. थकव्यानं त्याचं आयुष्य सगळ्या बाजूंनी छाटून जेवढं ठेवलं होतं तेवढ्यात तो आता बसत होता, आणि म्हणून कागदावर तो सुधारला होता. जिथून माणूस मागं हटला ती जागा हे प्रश्न बघतच नाहीत. मी तो कागद इतरांबरोबर पाठवला. कुठल्याशा तक्त्यात तो 'सुधारणा' या रकान्यात गेला असणार. त्या दिवशी बांधावरून परत येताना मला वाटलं, मी त्याच्याबद्दल खोटी साक्ष देऊन आले.

असं फक्त आमच्या गावंढळ वाटेवर घडतं असं नाही. 'मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस' किंवा दीर्घ थकव्याचा आजार म्हणून जो ओळखला जातो, त्यावर ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांची 'पेस' नावाची मोठी चाचणी झाली. निष्कर्ष २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. थकवा मोजायला तीच चाल्डर यांची प्रश्नावली होती. चाचणीत घेण्यासाठी ११ पैकी निदान ६ गुण लागत. शेवटी थकवा 'सामान्य मर्यादेत' आला का हे बघताना मात्र ०, १, २, ३ गुणांची पद्धत लावली, आणि मर्यादा ठरली ३३ पैकी १८ किंवा कमी. आता सहा प्रश्नांना 'नेहमीपेक्षा जास्त' आणि पाच प्रश्नांना 'नेहमीइतकंच' म्हणणारा रुग्ण घ्या. ११ गुणांच्या पद्धतीनं त्याचे ६ होतात, म्हणजे तो चाचणीत बसण्याइतका आजारी. ३३ गुणांच्या पद्धतीनं सहा दुणे बारा आणि पाच, १७. म्हणजे थकव्यापुरता तो पहिल्या दिवशीच सामान्य मर्यादेत. ही गोष्ट रुग्णांनी आणि काही अभ्यासकांनी चिकाटीनं पुढं आणली. त्या चाचणीतल्या उपचारांपैकी एक होता हळूहळू वाढवत न्यायचा व्यायाम. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी तो देऊ नये असं सांगितलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन तीन वेळा बेरीज केली होती. कारण अशा बेरजा मी स्वतः करत आले होते.

आमच्या सीमेला लागून गोवा. तिथल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला बायकांच्या दीर्घ थकव्याचा अभ्यास २००५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. २,४९४ बायकांनी भाग घेतला, त्यांतल्या १२.१ टक्के बायकांना सहा महिने किंवा अधिक काळ थकवा होता. सगळ्यांना वाटतं बायकांचा थकवा म्हणजे रक्त कमी. पण हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो कर्जाशी, गेल्या तीन महिन्यांतल्या उपासमारीशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी आणि मानसिक अस्वास्थ्याशी. या अभ्यासाबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण घरात काय चाललंय हे त्यांनी विचारलं. थकव्याच्या नेहमीच्या प्रश्नावल्यांत कर्ज नसतं, भूक नसते.

तरी मानसिक आरोग्याच्या आकड्यांपाशी मी हल्ली थबकते. नैराश्य मोजायची एक नऊ प्रश्नांची प्रश्नावली फार प्रचलित आहे, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३. एकूण १० किंवा जास्त झाले की मध्यम नैराश्य धरतात. नवांपैकी पाच प्रश्न झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं आणि हालचाल मंदावणं यांचे आहेत. सांध्यांच्या ठणक्यानं रात्र जागून काढणारी बाई झोपेला तीन, थकव्याला तीन, मंद हालचालीला दोन आणि भुकेला दोन सांगते. झाले दहा. उदास वाटतं का, जगावंसं वाटत नाही का, याला ती ठामपणे नाही म्हणालेली असते. मसुऱ्याच्या बाजूला अशीच एक बाई होती. तिच्या घरच्यांना पुढं कुणीतरी सांगितलं की हिचं मनाचं दुखणं आहे. ती मला म्हणाली, तू लिहून नेलंस तेच ना हे? मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक गोष्ट, वेळेची. बहुतेक कागद 'गेल्या सात दिवसांत' असं विचारतात. आमच्या वर्षाला सात दिवसांचं माप बसत नाही. लावणीच्या दिवसांत चिखलात उभी असलेली बाई, मासेमारीच्या पावसाळी बंदीत हात रिकामा असलेली बाई आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाटी डोक्यावर घेतलेली बाई, एकच असते. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीच्या कौलानं ठरते, आमच्या भेटींचं वेळापत्रक तिला विचारून केलेलं नसतं. चतुर्थीचं तर सांगूच नये. चाकरमानी येणार, घर सारवून झालं पाहिजे, नैवेद्य, आरत्या, भजनाला आलेल्यांचा चहा. दुखणाईत बायकासुद्धा त्या दिवसांत उभ्या असतात. तेव्हा विचारलं तर म्हणतात, बरं आहे. विसर्जन झालं, पाहुणे गाडीला बसले की त्या पडतात. मग मी दारात गेले की आतून निरोप येतो, "आज नको, फुडल्या आठवड्यात ये." माझ्या वहीत त्या भेटीपुढं 'अनुपस्थित' असं लागतं. जो आठवडा मोजायला हवा होता त्या आठवड्याचा कागद कोरा राहतो, आणि सरासरी काढताना कोरा कागद मोजत नाहीत.

मनगटावर बांधायची यंत्रंही एकदा दिली होती, हालचाल मोजायला. दोन बायकांनी मासे कापताना ती काढून ठेवली आणि संध्याकाळपर्यंत ती खिडकीत राहिली. बांधलेली होती तिथंही यंत्र पावलं सांगतं; त्या पावलांची किंमत दुसऱ्या दिवशी काय पडली, ते नाही. ब्रिस्टलच्या संशोधकांनी सांधेवाताच्या रुग्णांच्या बोलण्यातून २० प्रश्नांची एक प्रश्नावली २०१० साली केली. आंघोळ, कपडे घालणं, ठरलेलं जाणं रद्द करावं लागणं, असं त्यात येतं. ती मला जवळची वाटते. तसं काही मालवणी बोलण्यातून, बाव आणि पाटी आणि चूल डोळ्यांसमोर ठेवून, कुणीतरी घडवावं असं मला फार वाटतं.

तोवर मी समासात लिहायला लागले. ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारायचे असतात, त्यात मी काही बदलत नाही. ते संपले की तीन गोष्टी आणखी विचारते. काल काय करायचं राहिलं? ते कुणी केलं? आज हे सगळं केलंत तर उद्या कसं असेल? उत्तरं त्यांच्याच शब्दांत, कागदाच्या डाव्या कडेला, पेन्सिलीनं. 'वरचे कपडे उतरवायचे रवले.' 'पाणी सुनेन भरल्यान.' 'बाजारात गेलंय तर परवा उठूक नाय.' संगणकात भरताना समास भरला जात नाही, हे मला माहीत आहे. एकदा मी त्या नोंदी वेगळ्या वहीत उतरवून अहवालाबरोबर पाठवल्या. वही परत आली, वर लिहिलं होतं, 'प्रपत्राबाहेरील माहिती'. मी ती ठेवून दिली आहे.

देवबागच्या काकींकडे मी वर्षभरानं पुन्हा गेले, तेव्हा सुनेनं दारातच थांबवलं. हळू आवाजात म्हणाली, मागच्या वेळी तुम्ही दीड तास बसलात ना. मग काकींना तिनं आवाज दिला. आतून त्याच बोलल्या, रागानं नाही, "तू गेलंस नि दोन दिवस मी उठाक नाय."

त्या दिवशी थकव्याच्या ११ प्रश्नांबरोबर माझ्याकडे इतर तीन प्रश्नावल्या होत्या. काकींनी सगळ्यांना उत्तरं दिली होती, ताठ बसून, कारण पाहुणा घरात होता. मी बेरीज करून शून्य लिहीत होते त्या संध्याकाळी त्या खाटेवर पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. तो थकवा मी आणला होता आणि माझ्याच कागदावर तो नव्हता.

आता मी काकींकडे चार वेळा जाते, एका प्रश्नावलीसाठी एकदा. त्या आत खाटेवर पडून असतात, मी उंबऱ्यावर बसते, सून मधल्या दारात भात पाखडते. परवा गेले तेव्हा काकींनी आधीच विचारलं, "आज किती प्रश्न हत?" मी म्हटलं तेरा. आठव्याला त्यांचा आवाज बारीक झाला. 'हो' आणि 'नाय' यांतला फरक मला ऐकू येईना. मी फळी खाली ठेवली. पेन्सिल घेऊन कडेला लिहिलं: सकाळी ११ वाजून २० मिनिटं. आठव्या प्रश्नाला थांबवलं. उरलेले पाच परवा, उठल्या असतील तर.